कबऱ्या पानांचा वेल आणि लाबानाचा कळप

शब्बाथशाळेच्या धड्यांत उत्पत्तीच्या पुस्तकाचा ३० वा अध्याय आला म्हणजे आमच्या पुष्कळ उपदेशक बंधूंची पंचाईत होते. याकोब आपला सासरा लाबान ह्याचे कळप राखीत होता. पुढे जी ठिपकेदार व कबरी पिल्ले निपजतील ती याकोबाची मजुरी, असा दोघांचा करार झाला. आणि लाबानाने त्याच दिवशी कळपातील सारी ठिपकेदार, कबरी व बांडी जनावरे वेचून आपल्या मुलांच्या स्वाधीन केली व तीन दिवसांच्या वाटेवर दूर ठेविली. याकोबाजवळ उरली ती एकरंगी. मग याकोबाने ओल्या काठ्यांची साल पट्ट्यापट्ट्यांनी सोलली, त्या काठ्या पाण्याच्या डोणींत कळपासमोर उभ्या केल्या, आणि एकरंगी जनावरांपोटी कबरी पिल्ले जन्मास आली. इतके वाचून झाले की वर्गातील एखादी वृद्ध भगिनी मान डोलवून म्हणते, "खरेच आहे बाबा. पोटुशीने जे पाहिले तेच पोटात उतरते."

ही समजूत निरुपद्रवी असती तर आम्ही तिजवर लेखणी झिजविली नसती. परंतु हिच्यापायी आमच्या खेड्यांतील किती तरी आयांनी आयुष्यभर बोल सोसले आहेत. फाटक्या ओठाचे मूल झाले, तर आईने ग्रहणात विळीला हात लावला असेल. मुलाच्या अंगावर डाग असला, तर तिने काही तरी अभद्र पाहिले असेल. आणि ज्या मुलीच्या अंगावर पांढरे कोड उठते तिची तर गोष्टच विचारू नये. तिच्या लग्नाची बोलणी मोडतात, आणि प्रभुभोजनाचा प्याला तिच्या हाती सर्वांच्या शेवटी जावा अशी व्यवस्था कोणी न बोलता करून ठेविली जाते. हे सर्व आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांत घडते, आणि घडताना लाबानाच्या कळपाचा दाखलाही दिला जातो. म्हणून ह्या खेपेस तो अध्याय एका वेलाच्या साहाय्याने समजून घ्यावा असे आम्ही योजिले आहे. हा वेल कोणासही अंगणात लाविता येतो, त्यास खर्च नाही, आणि एका पावसाळ्यात तो पुष्कळ काही दाखवून जातो.

इंग्रजीत ज्यास मॉर्निंग ग्लोरी म्हणतात तो हा वेल. आमच्याकडे तो कुंपणावर, घाणेरीच्या जाळ्यांवर आपोआपही उगवतो. वैदू लोक त्याच्या बियांस काळा दाणा म्हणतात व रेचक म्हणून त्या विकतात. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव इपोमिया निल असे आहे. त्याचे गोत मोठे असून वाचकांच्या परिचयाचे आहे. रताळ्याचा वेल त्याच कुळातला. डबक्याकाठची नाळीची भाजी, कोकणच्या वाळूवर पसरणारी मर्यादवेल, बारीक चिरलेल्या पानांचा व लाल फुलांचा गणेशवेल, आणि ओढ्यानाल्यांत माजलेला बेशरम, ही सर्व त्याची भावंडे होत. बेशरमाचे नाव घेताना आम्हांस आनंद होत नाही, परंतु भावंडांची निवड कोणाच्याच हाती नसते.

साध्या वेलाची पाने हिरवीगार असतात. काही वेलांच्या पानांवर मात्र पांढऱ्या रंगाचे शिंतोडे उडविल्यासारखे चट्टे असतात. तो कबऱ्या पानांचा वेल. काहींची फुलेही पट्टेरी असतात. अशा चित्रविचित्र जातींची सर्वांत मोठी जोपासना जपानात झाली. सुमारे ८ व्या शतकात चीन देशातून हे बी तेथे औषध म्हणून गेले. तेथे ह्या वेलाला आसागाओ, म्हणजे सकाळचा चेहरा, असे म्हणतात. एदो, म्हणजे आजचे टोकियो, ह्या शहरी १९ व्या शतकाच्या आरंभी व पुन्हा १८५० च्या सुमारास लोकांस ह्या वेलाचे अक्षरशः वेड लागले. चिरलेल्या पाकळ्यांची, पिसांसारखी, मुरडलेल्या पानांची अशी नाना रूपे त्यांनी जपून ठेविली. टोकियोच्या इरिया भागात दरवर्षी जुलैच्या ६, ७ व ८ ह्या तारखांस आजही ह्या वेलांचा बाजार भरतो. आपल्याकडे मोठ्या गावच्या बियांच्या दुकानांत जपानी जातीची पुडी मिळते, आणि तीतून कबऱ्या पानांचे वेल पुष्कळदा निघतात. शक्य असेल तर असा वेल कोणाच्या अंगणात डोळ्यांनी पाहून त्याचेच बी मागून घ्यावे. माळ्याचा शब्द व वेलाचे पान ह्यांत आम्ही पानावर अधिक विश्वास ठेवितो.

देशावर मृगाचा चांगला पाऊस होऊन जमीन निवाली म्हणजे, जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत, हे बी पेरावे. कोकणात पाऊस झोडपतो. तेथे रोपे पडवीत वाढवून ऑगस्टात बाहेर आणावीत. बी काळे, टणक व संत्र्याच्या फोडीच्या आकाराचे असते. कवच इतके कठीण की तसेच पेरले तर काही बिया आठवड्यात उगवतात व काही महिनाभर तशाच पडून राहतात. बियेच्या एका टोकास नाळेची खूण दिसते. अंकुर त्या बाजूस असतो. ती बाजू सोडून पाठीकडच्या फुगीर भागावर कानशीने अथवा खरबरीत दगडावर दोनचार वेळा घासावे. आतला फिकट रंग दिसू लागला की थांबावे. मग रात्रभर पाण्यात भिजत घालावे. सकाळी जी फुगली ती पेरावी, जी फुगली नाही ती पुन्हा घासावी.

दोन भाग माती, एक भाग वाळू व एक भाग चांगले कुजलेले शेणखत एवढे पुरे. ताजे शेण घालू नये. खत अधिक झाले तर वेल पानांनीच माजतो व फूल धरीत नाही. ही चूक प्रेमाने केली जाते, तरी चूक ती चूकच. अर्धा इंच खोल पेरावे. ४ ते ८ दिवसांत पतंगाच्या पंखांसारखी दोन पाने वर येतात. ह्या वेलास सोटमूळ असते व ते दुखावलेले त्यास खपत नाही. म्हणून रोप हलवावयाचे तर ह्या दोन पानांच्या अवस्थेतच, मातीच्या गोळ्यासकट हलवावे. पत्र्याचा जुना डबा बुडाशी भोके पाडून घेतला तर उत्तम कुंडी होते. आधारास तुराट्या रोवाव्या किंवा सुतळी बांधावी. वेल आधाराभोवती वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने चढतो. त्यास हाताने चढवायचे असेल तर त्याच दिशेने गुंडाळावे. उलट गुंडाळला तर तो सुटून पुन्हा आपल्या वळणावर जातो. सहासात पाने झाली की शेंडा खुडावा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतात.

येथवर शेतकऱ्याच्या घरच्या माणसास काही नवीन सांगितले नाही. खरी गोष्ट पुढे आहे.

समजा, कबऱ्या पानांच्या वेलाचे म्हणून आपण २४ बिया आणल्या, पेरल्या, आणि चोवीसही रोपे हिरवीच निघाली. तर काय करावे? बहुतेक लोक दुकानदारास ठक ठरवून रोपे उपटून टाकतात. त्यांनी तसे करू नये. प्रथम चौथे-पाचवे पान येईपर्यंत थांबावे, कारण पुष्कळ वेलांवर चट्टे आरंभीच्या पानांवर उमटत नाहीत. तेव्हाही हिरवी दिसली तरी ती वाढू द्यावी, फुलू द्यावी, आणि प्रत्येक वेलाचे बी निराळे जमवून पुढल्या पावसाळ्यात पेरावे. पुष्कळदा त्या दुसऱ्या पिढीत कबरी रोपे निघतात. २४ रोपांत सुमारे ६, ४० रोपांत सुमारे १०.

हे कसे होते ते ग्रेगोर मेंडेल नावाच्या ख्रिस्ती मठवाशाने ब्र्युन शहरातील मठाच्या बागेत वाटाणे लावून शोधून काढिले व १८६६ साली छापून प्रसिद्ध केले. प्रत्येक गुणाचे दोन वाटे झाडाला मिळतात, एक फुलाच्या पित्याकडून म्हणजे परागातून आणि एक मातेकडून म्हणजे बीजांडातून. ह्या वेलाच्या पुष्कळ जातींत कबरेपणाचा वाटा हा दबणारा आहे. एक वाटा हिरवा व एक कबरा असला तर पान हिरवे दिसते. कबरा वाटा मेलेला नसतो, तो केवळ झाकलेला असतो. अशा हिरव्या वेलाने स्वतःच्याच परागाने बी धरिले म्हणजे चारांत एका बियेस दोन्ही वाटे कबरे मिळतात, आणि तेव्हा आजीचा चट्टा नातीच्या अंगावर उमटतो. उलटपक्षी कबऱ्या वेलाने स्वतःच्याच परागाने धरलेले बी सर्व कबरेच उगवते, कारण त्याच्यापाशी हिरवा वाटाच नसतो.

जपानी माळ्यांस हा नियम पुस्तकातून कळण्यापूर्वीच अनुभवाने कळला होता. त्यांच्या काही अतिसुंदर रूपांस बीच धरत नाही. केसर व बीजकोश ह्यांच्याच पाकळ्या होऊन गेलेल्या असतात. मग ती रूपे शंभर-दीडशे वर्षे टिकली कशी? त्याच शेंगेतून निघालेल्या साध्या भावंडांच्या योगाने. ते लोक साध्या दिसणाऱ्या भावंडांचे बी वेगवेगळे राखून पुढे पेरतात, आणि ज्याच्या संततीत ते सुंदर रूप पुन्हा निघते त्याचा वंश जपतात. साधे म्हणून उपटले असते तर ते सौंदर्य एका वर्षात जगातून नाहीसे झाले असते. फुकुओका येथील क्यूशू विद्यापीठात अशा वंशांचा मोठा संग्रह आज राखलेला आहे, आणि २०१६ साली ह्या वेलाच्या संपूर्ण जनुकरचनेचे वाचनही शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले.

आता लाबानाच्या कळपाकडे परत जाऊ. लाबानाने कबरी जनावरे वेचून दूर नेली आणि त्यास वाटले की कबरेपणाच नेला. त्याने जनावराचे कातडे पाहिले. एकरंगी शेळ्याबोकडांच्या ठायी झाकलेले वाटे राहिले होते, ते त्यास दिसणे शक्य नव्हते. वाचकांनी ३० वा अध्याय वाचून थांबू नये. ३१ व्या अध्यायाची १० ते १२ ही वचनेही वाचावी. तेथे याकोब आपल्या स्त्रियांस आपले स्वप्न सांगतो. त्या स्वप्नात देवदूत त्यास डोळे वर करून पाहावयास लावितो, आणि शेळ्यांवर उडणारे सर्व बोकड पट्टेदार, ठिपकेदार व कबरे असल्याचे दाखवितो. काठ्यांचे नावही तेथे निघत नाही. कळपावर उडणारे बोकड तर लाबानाने वेचून ठेविलेलेच, म्हणजे अंगाने एकरंगी; मग स्वप्नात ते पट्टेदार कसे? आमच्या समजुतीने, डोळ्यांस न दिसणारे तेच तेथे दाखविले आहे. याकोबाने काठ्या आपल्या काळच्या समजुतीप्रमाणे उभ्या केल्या. देवाने कळप वाढविला तो आपण घालून ठेविलेल्या नियमाने. काही विद्वान हे निराळ्या रीतीने लावितात, आणि त्यांच्याशी आमचे भांडण नाही. परंतु ह्या अध्यायावरून आईच्या नजरेस दोष देण्यास कोणासही आधार मिळत नाही, इतके आम्ही निक्षून सांगतो. कुंडीतल्या हिरव्या वेलाने कोणत्याही पट्टेरी काठीकडे पाहिलेले नसते.

कोडाविषयी मात्र एक सावधगिरी घेतली पाहिजे. वेलाच्या चट्ट्याचा एकचतुर्थांशाचा हिशेब कोडास लागू करू नये. कोडात त्वचेला रंग देणाऱ्या पेशी शरीराच्याच रक्षकशक्तीच्या भ्रमाने नाश पावतात. घराण्यात काही अंशी कल असतो, पण बापाला आहे म्हणून मुलाला होईलच असे नाही, आणि कोणाच्याच घरात नसताही होते. ते स्पर्शाने लागत नाही. एका प्याल्यातून प्यायल्याने लागत नाही. तो महारोगही नव्हे. ज्या चट्ट्यास स्पर्श कळत नाही, सुई टोचली तरी समजत नाही, तो चट्टा मात्र तत्काळ सरकारी दवाखान्यात दाखवावा, कारण ते महारोगाचे लक्षण असू शकते, आणि आज औषधांनी महारोगही पूर्ण बरा होतो. लेवीय १३ व्या अध्यायाचा धाक ज्यांस वाटतो त्यांनी त्याच अध्यायाची ३८ व ३९ ही वचने काढावी. पुरुषाच्या किंवा स्त्रीच्या अंगावर फिकट पांढरे डाग असले तर याजकाने पाहून त्या मनुष्यास शुद्ध ठरवावे, असे तेथे नियमशास्त्रच सांगते. आणि योहान ९ व्या अध्यायाच्या आरंभी शिष्यांनी पाप आंधळ्याचे की त्याच्या आईबापांचे असे विचारले, तेव्हा प्रभू येशूने दोघांसही त्या दोषातून मुक्त केले. हे वाचूनही आमच्या मंडळीत प्याल्याची रांग जशीच्या तशी राहणार असेल, तर ती कोणी व कोणत्या वचनाने लाविली हे वडील मंडळाने सांगावे.

असो. वेलाकडे वळू. वर सांगितलेला नियम सर्व कबऱ्या झाडांस लागू पडत नाही. आपल्या परसातील गुलबाक्षी हे दुसऱ्या रीतीचे उदाहरण आहे. कार्ल कॉरेन्स ह्या जर्मन शास्त्रज्ञाने कबऱ्या पानांची गुलबाक्षी घेऊन प्रयोग केले व १९०९ साली ते प्रसिद्ध केले. एकाच झाडास काही फांद्या हिरव्या, काही पांढऱ्या व काही कबऱ्या होत्या. हिरव्या फांदीवरच्या फुलाचे बी हिरवे उगवले; पांढऱ्या फांदीवरच्या फुलाचे बी पांढरे उगवून मेले; कबऱ्या फांदीच्या बियांतून तिन्ही प्रकार निघाले. पराग कोणत्या फांदीचा, ह्याने काहीही फरक पडला नाही. तेथे हिरवेपणा मातेच्याच पेशीतील हरितद्रव्याच्या कणांतून उतरतो. आता आपला वेल पहिल्या रीतीचा की दुसऱ्या, हे पाहून कळत नाही. म्हणून ज्या फांदीवर चट्टे चांगले आहेत तिला रंगीत दोरा बांधावा, त्या फांदीचे बी वेगळे ठेवावे, आणि हिरव्या फांदीचेही थोडे बी वेगळे ठेवावे. दोन्ही पेरल्यावर वेल आपणच उत्तर देतो.

पट्टेरी फुलांची कथा आणखी निराळी आहे. तेथे रंग करणाऱ्या जनुकात एक परका तुकडा येऊन बसलेला असतो, त्यामुळे रंग होत नाही. फूल घडत असता एखाद्या पेशीतून तो तुकडा उठून दुसरीकडे गेला, तर त्या पेशीस व तिच्या वंशास रंग परत मिळतो. तुकडा लवकर उठला तर रुंद पट्टा. उशिरा उठला तर बारीक ठिपके. अशा फिरत्या जनुकांचा शोध बार्बरा मॅक्लिंटॉक ह्या अमेरिकन बाईंनी मक्याच्या दाण्यांवरील ठिपके पाहून १९४० ते १९५० ह्या दशकात लाविला. कित्येक वर्षे त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९८३ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. जपानी शास्त्रज्ञांनी ह्या वेलातील तसा तुकडा १९९४ साली दाखवून दिला. सबब पट्टेरी फुलाच्या बियांतून काही वेल एकरंगी फुलांचे निघाले तर बी बिघडले असे समजू नये.

आता कलमांविषयी. कलम हे बी नव्हे. कलम म्हणजे तीच फांदी, दुसऱ्या मुळांवर. म्हणून ज्या फांदीत जे आहे तेच कलमात येते, वाट्यांचा हिशेब तेथे नाही. जिला बी धरत नाही अशी फांदी, किंवा ज्या एकाच फांदीवर अकस्मात सुंदर चट्टे उठले अशी फांदी, राखावयाची तर कलमाशिवाय मार्ग नाही. रताळ्याचे वेल तोडून लावणाऱ्या घरात ह्यास निराळे शिक्षण लागत नाही. श्रावणात सकाळच्या वेळी, फूल न धरलेल्या कोवळ्या परंतु लुसलुशीत नव्हे अशा फांदीचा वीतभर तुकडा घ्यावा. त्यावर तीन-चार डोळे असावेत. खालच्या डोळ्याच्या लगत खाली धारदार पात्याने कापावे. खालची दोन पाने काढावी व वरचे मोठे पान अर्धे छाटावे. निम्मी वाळू व निम्मी माती अशा ओल्या मिश्रणात खालचे दोन डोळे पुरावे आणि डबा पडवीत, ऊन न लागेल परंतु उजेड येईल अशा जागी ठेवावा. माती ओलसर असावी, चिखल होऊ नये. १० ते १५ दिवसांत शेंड्यास नवे पान हलू लागले म्हणजे मुळे धरली असे जाणावे. ओढून पाहू नये. आमच्या मुलांस हा मोह आवरत नाही, आणि वडिलांसही पुष्कळदा नाही.

कलमाची फांदी निवडताना दोन लोभ टाळावे. अगदी पांढऱ्या पानांची फांदी फार मोहक दिसते. परंतु पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसते व हरितद्रव्यावाचून झाड अन्न करू शकत नाही. वेलावर असेपर्यंत ती फांदी हिरव्या पानांच्या कष्टांवर जगते. तोडून लाविली की मरते. दुसरे, पूर्ण हिरवी फांदी लवकर रुजते म्हणून तीच घेऊ नये. ती हिरवीच राहील. हिरवे व पांढरे दोन्ही ज्या पानांत विखुरलेले आहेत अशी फांदी घ्यावी. मूळ वेलावरही पूर्ण हिरवी फांदी फुटली तर ती छाटावी, कारण ती जोमदार असून बाकीच्यांस मागे टाकते. कबरा वेल सावकाश वाढतो, आणि ऑक्टोबरच्या उन्हात त्याचे पांढरे चट्टे करपतात. त्यास सकाळचे ऊन व दुपारची सावली द्यावी.

हा वेल लांब रात्री मिळाल्या की कळी धरतो. जपानातील व्हायोलेट नावाच्या जातीचे कोवळे रोप १६ तासांची एकच काळोखी रात्र मिळाली तरी कळी धरते. परंतु मध्यरात्री थोडा वेळ प्रकाश पडला की त्या रात्रीचे काम व्यर्थ जाते. म्हणून उपासनामंदिराच्या दारावर रात्रभर जळणाऱ्या विजेच्या दिव्याखाली हा वेल लाविला तर पाने भरपूर येतील व फुलांची वाट पाहावी लागेल. हेच ज्ञान उलटही उपयोगी आहे. सप्टेंबरात घेतलेले कलम लगेच फुलते, खुजे राहते व लवकर संपते. ते थंडीतून पुढे न्यावयाचे असेल तर मुद्दाम रात्री दिव्याजवळ ठेवावे, म्हणजे ते कळ्यांच्या मागे न लागता पाने वाढविते.

सर्व चट्टे एका जातीचे नसतात, हेही ध्यानात असावे. भेंडीवर केवडा पडतो तो शेतकऱ्यांस माहीत आहे. शिरा पिवळ्या होतात, पाने आवळतात, आणि पांढरी माशी तो रोग झाडाझाडांवर नेते. रताळ्याच्या वेलाचे पाने मुरडण्याचे असेच काही रोग ह्या वेलासही होतात. खऱ्या कबऱ्या वेलाचे पान सपाट व धष्टपुष्ट असते, चट्ट्यांच्या कडा स्पष्ट असतात, आणि शेजारच्या वेलास काहीही होत नाही. पान सुरकुतलेले, पिवळट व वेल खुरटलेला असेल तर त्याचे कलम घेऊ नये, तो उपटून जाळावा. रताळ्याच्या वाफ्यापासून हा वेल दूरच लावावा.

बियांविषयी आयांस विशेष सांगणे आहे. ह्या बिया पोटात गेल्यास जुलाब होतात, आणि ह्याच गोतातील निळ्या फुलांच्या एका परदेशी जातीच्या बियांत मेंदूवर परिणाम करणारी द्रव्ये असतात. वैदूने सांगितले म्हणून काळा दाणा मुलांस किंवा गरोदर स्त्रीस देऊ नये. शब्बाथशाळेत मुलांस बिया वाटल्या तर मोजून द्याव्या व पेरून होईपर्यंत शिक्षकाने तेथून हलू नये. छाटलेल्या फांद्या ओढ्यात अथवा बांधावर टाकू नयेत; त्या पाण्यातही रुजतात. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या बेशरमाने आमच्या नाल्यांचे काय केले व त्याची पाने खाऊन शेळ्यांचे काय होते ते वाचक पाहत आहेतच.

फूल पहाटे उमलते व दुपारपर्यंत मिटते. उमलण्याच्या सुमारासच केसर वाढून स्त्रीकेसराच्या टोकास लागतात, म्हणून हा वेल बहुधा स्वतःच्याच परागाने बी धरतो. तरी भुंगे येतातच. वंश शुद्ध राखावयाचा तर आदल्या संध्याकाळी कळीच्या तोंडाशी मऊ दोरा सैल बांधून ठेवावा व फूल मिटल्यावर सोडावा. सुमारे महिन्याने बोंड तपकिरी होऊन देठ वाकतो. त्यात तीन कप्पे, व प्रत्येकात बहुधा दोन बिया असतात. बोंडे तडकण्यापूर्वी, कोरड्या दिवशी, दहिवर उडाल्यावर खुडावी. दोरा बांधलेल्या फांदीची एक पुडी, हिरव्या फांदीची दुसरी, आणि हिरव्या भावंडांपैकी प्रत्येक वेलाची एकेक वेगळी पुडी करावी. पुडीवर महिना, वेलाचा क्रमांक व फांदीचा रंग लिहावा. पुड्या कोरड्या बरणीत घालून झाकण घट्ट लावावे. असे बी दोन-तीन वर्षे सहज उगवते, तरी पहिल्या मृगातच पेरावे हे बरे, आणि पेरताना हिरव्या भावंडांच्या पुड्यांस वाफ्यात आधी जागा द्यावी, कारण त्यांची रोपे अधिक लागतात.